उजवा हात

सिनेमावाले लालबागच्या मच्छी मार्केटात आले तेव्हा मी सुरमई कापत होते. जलपरीची जुनी गोष्ट आता कार्टून नको, खऱ्या माणसांना घेऊनच करायची, असं त्यांचं ठरलेलं. मितेश नावाचा त्यांचा माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, आपल्याला फक्त तुमचे हात पाहिजेत. एकदम रियल वाटतात."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे. त्यांच्या दिव्यांखाली बसून मी एक भलामोठा घोळ मासा कोयत्याने कापला, आणि या गुणवंतीचे हात सिनेमात येणार म्हणून साऱ्या कोळीवाड्याला सांगून आले.

सिनेमा लागला तशी नातीला घेऊन दादरला गेले. रुचिका सहा वर्षांची. तिची आई कामावर जाते, म्हणून पोर माझ्याकडेच असते आणि माझ्याच हातून जेवते. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड फिरवते.

सुरुवातीपासूनच शिसारी आली. पापलेटांना माणसांचे दात, डोळ्यांना पापण्या. जन्म माशांत गेला माझा, पण असले घाणेरडे मासे कधी पाहिले नाहीत. अहो, गोष्टीत जलपरीला पाय फुटायचे आणि पोरं झोपी जायची. शेपटी कशी गेली ते कुणी विचारत नव्हतं. यांना मात्र तेच दाखवायचं होतं, रक्तामांसासकट.

चेटकिणीच्या गुहेतून दोन हात पुढे आले. डाव्यात हिरवा चुडा, उजवा मोकळा, आणि त्यात कोयता. माझे हात. घोळ गायब, त्याच्या जागी जलपरीची शेपटी. पडद्यावरची पोरगी किंचाळत होती आणि माझे हात सपासप कापत होते. चेहरा तेवढा दुसऱ्या कुणा बयेचा, जिभल्या चाटणारा.

रुचिका रडली नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपला हात सोडवून घेतला.

घरी आल्यावर बोंबलाचा काटा काढून भात कालवला, घास पुढे केला. तिने ओठ घट्ट मिटले.

"खा ना, बाय."

"आजी, तूच कापलंस ना तिला?"

"मासा होता गं तो. सिनेमात सगळं खोटं असतं."

"हात तर खरा होता."

माझा नवरा दत्तू खाटेवरून उठून बसला. "बाय, हा हात मोकळा का, म्हाईत हाय तुला? लग्नात तुझ्या आजीनं या हातातल्या बांगड्या दर्याला दिल्या. बोलली, माझ्या घोवाला सांभाळ. म्हनून मी दर खेपेला परत आलो."

रुचिकाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या डाव्या हाताला, चुड्याला बोट लावून म्हणाली, "मग या हाताने भरव."

डाव्या हाताने आमच्याकडे कुत्र्यालाही कुणी तुकडा टाकत नाही. पण पोर सकाळपासून उपाशी होती. मी डाव्या हाताने घास उचलला. त्या सिनेमावाल्यांची किळस आली होतीच, त्या घासाची त्याहून जास्त आली. बांगड्या वाजल्या आणि तिने तोंड उघडलं.

सगळा भात संपेपर्यंत उजवा हात मी पदराखाली धरून ठेवला.