भावाचं पोट

लेसिएलीनं ताटावरचं केळीचं पान उचललं. कोनफळाच्या फोडी जशाच्या तशा होत्या. अळूच्या पानात बांधलेल्या मांसाची पुरचुंडी सोडलीसुद्धा नव्हती. नारळाचं दूध थिजून पानाच्या कडेला पांढरं झालं होतं. फक्त मासा गेला होता, तोही कातडी बाजूला काढून.

“काय म्हणाला?” तिनं विचारलं.

“म्हणतोय काय. दार अर्धं उघडलं, ताट हातात दिलं,” आई म्हणाली. “अगं, त्याचे हात बघ. नुसत्या दोऱ्या दिसतात.”

लेसिएलीनं ते हात पाहिले नव्हते. पाहायचेच नव्हते. फेआओ तिच्याहून सात वर्षांनी लहान. चालायला लागेपर्यंत तो तिच्याच कडेवर वाढला होता. त्याला न्हाऊ घालणं, त्याच्या पायातले काटे काढणं, सगळं तिच्याकडे होतं. मग तो जाणता व्हायला लागला आणि एका सकाळी वडिलांनी त्याची चटई उचलून परसातल्या खोपीत नेऊन टाकली. तेव्हापासून बहीण-भाऊ एका छपराखाली झोपले नाहीत. बहिणीसमोर भावानं उघड्या अंगानं यायचं नाही, अंगाचा विषय काढायचा नाही, ती खोलीत आली तर आपण उठून जायचं. बहिणीचा मान भावापेक्षा मोठा, आणि तो मान राखायचा म्हणजे तिच्यापासून लांब राहायचं. तोंगाच्या बेटांवर लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही. दोघांमध्ये जे काही बोलणं व्हायचं ते आईच्या तोंडून व्हायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आता मात्र लेसिएलीला ते जड जात होतं. ती सरकारी इस्पितळात नर्स होती. दुसऱ्या कुणाच्या भावाला तिनं समोर बसवून चार शब्द सुनावले असते.

फेआओ धक्क्यावर जहाजांचा माल उतरवायचा. वडिलांसारखाच अंगानं आडवा गडी. देवळात तो बसला की बाक करकरायचं आणि आईचा चेहरा फुलायचा. घरात खायला-प्यायला आहे, पोराची आबाळ नाही, याची ती पावतीच होती. गेल्या वर्षी वडील गेले. साखरेनं आधी त्यांची बोटं नेली, मग एक पाय, मग दुसरा. लेसिएली ज्या वॉर्डात होती तिथंच ते शेवटचे महिने पडून होते आणि त्यांच्या जखमा तीच बांधायची. फेआओ रोज संध्याकाळी यायचा आणि बाहेरच्या व्हरांड्यात बसून राहायचा. ती असेपर्यंत आत येत नसे. ती ड्युटी संपवून बाहेर पडली की मान खाली घालून बाजूला व्हायचा आणि मग आत जायचा.

दुखवट्याचे काळे कपडे उतरले, त्या आठवड्यात तो कालेपीकडे गेला. कालेपी ऑकलंडला बरीच वर्षं राहून परत आलेला. खोबऱ्याच्या जुन्या गोदामात त्यानं लोखंडी वजनं मांडली होती आणि भिंतीवर स्वतःचा तरुणपणीचा उघड्या अंगाचा फोटो लावला होता. चरबी प्रत्येकाच्या अंगावर असते, तो पोरांना सांगायचा, पण तिच्याखाली दुसरा माणूस असतो, त्याला बाहेर काढायचं.

आधी सगळ्यांना बरं वाटलं. फेआओचं पोट उतरलं, धाप कमी झाली. मग गालफडं बसली. नारळाचं दूध बंद झालं, पाव बंद झाला, मीठ बंद झालं. धक्क्यावरून आला की गोदामात आणि गोदामातून आला की खोपीत. आईवर वसकन ओरडायला लागला. बाजारात बायका आईला विचारायच्या, दवाखान्यात दाखवलं का? एकीनं तर हसून म्हटलं, आता फेआओच्या पोटावर कपडे घासायला आणते, दगड कशाला हवा. आई हसली नाही.

लेसिएलीनं आईकरवी निरोप धाडले. मीठ एकदम तोडू नये. आठवड्यातून एकदा तरी पोटभर जेवावं. फेआओचं उत्तर यायचं, हो म्हणावं. आणि ताट तसंच यायचं.

देवळाच्या वार्षिक जेवणाच्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर झालं. त्यांच्या घरानं एक लांब टेबल मांडलं होतं: भाजलेली दोन डुकराची पिलं, खेकडे, कोनफळांची रास, कलिंगडं. आई पहाटेपासून भट्टीशी होती. फेआओ रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून, खाली मान घालून टेबलाच्या टोकाला बसला. पाद्रीबाबांनी स्वतःच्या हातानं पिलाच्या पाठीचा खरपूस तुकडा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं हात जोडले आणि तुकडा शेजाऱ्याच्या पानात सरकवला.

आसपासचं बोलणं थांबलं. पाद्रीबाबा मोठ्यानं हसले, कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

“फेआओ, येशूनंसुद्धा चाळीस दिवस उपास केला, बाबा. पण शेवटी तोही जेवला.”

माणसं हसली. फेआओही हसला, निदान तसं तोंड केलं. लेसिएली दुसऱ्या टोकाला बायकांत बसली होती. तिला त्याचे ओठ दिसले: कोरडे, मधोमध चिरलेले. पाण्याचा पेलाही त्यानं पालथा घातला होता. आई उठून भट्टीमागं गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

फेआओ उतरणार होता ती शरीरसौष्ठवाची स्पर्धा दोनच दिवसांनी, शनिवारी, रग्बी क्लबच्या हॉलमध्ये होती. जिंकणारा फिजीत सुव्हाला जाणार होता, साऱ्या बेटांच्या स्पर्धेला. शहरभर कागद चिकटवले होते. लेसिएलीनं त्या दुपारची ड्युटी मुद्दाम मागून घेतली. भाऊ वीतभर चड्डीवर उभा राहणार त्या हॉलमध्ये ती जाऊ शकत नव्हती. आणि घरी बसली असती तर शेजारणी विचारत आल्या असत्या.

दुपार शांत होती. जरा वेळानं गाड्यांचा अपघात झाला म्हणून दोन्ही पुरुष नर्स आणि एक डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले. त्यानंतर थोड्याच वेळात कालेपीची पिकअप पायऱ्यांशी येऊन थांबली. मागच्या हौद्यात टॉवेलात गुंडाळलेला माणूस होता, तांबूस-काळ्या रंगाचा, तेलानं चकचकीत. स्ट्रेचर खाली घेईपर्यंत लेसिएलीला तो कोण ते कळलंच नाही.

“रांगेत उभा होता,” कालेपी सांगत होता. स्पर्धेसाठी पोरांच्या अंगाला फासलेला तो रंग त्याच्या हातालाही लागला होता. “पुढच्या दोघांनंतर ह्याचा नंबर. नुसता खाली बसला.”

डॉक्टर ओफा वयानं लहान होती, पण तोंगाचीच होती. तिनं नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. पाणी कधीपासून बंद आहे, तिनं विचारलं. परवापासून, कालेपी म्हणाला. पाणी तोडावंच लागतं, त्याशिवाय कातडी पोटाला चिकटत नाही, सगळेच करतात. आणि गोळ्या? कालेपीनं खिशातून एक कागदी पुडी काढली. पायाची सूज उतरावी म्हणून, लघवी जास्त व्हावी म्हणून देतात त्या गोळ्या होत्या. पुडीवर लेसिएलीच्या वडिलांचं नाव होतं, तिच्याच अक्षरात.

तिनं पुडी घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली.

“ईसीजी लावा,” डॉक्टर म्हणाली. “पटकन. ठोके चुकताहेत.”

“डॉक्टर, तो माझा भाऊ आहे.”

ओफानं वर पाहिलं. तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तिनं दाराकडं पाहिलं, रिकाम्या व्हरांड्याकडं पाहिलं, कालेपीच्या रंगानं माखलेल्या हातांकडं पाहिलं. ती स्वतः एका हातानं नस शोधत होती आणि ती सापडत नव्हती.

“कुणी नाही, लेसिएली,” ती हळू म्हणाली.

लेसिएलीनं पडदा ओढला आणि टॉवेल बाजूला केला.

पोट तिनं पाहिलं. रोज किती पोटं पाहायची ती: सुजलेली, टाके पडलेली, बाळंतपणानं सैल झालेली. असं पाहिलं नव्हतं. बरगड्यांखाली कातडी कागदासारखी ताणलेली होती आणि तिच्याखाली दोन्हीकडं वड्या कापाव्यात तशा ओळी उठल्या होत्या, एकेक स्नायू मोजून घ्यावा असा. बेंबीजवळ निळी शीर उडत होती. कुठंही बोटाच्या चिमटीत येईल एवढंही मांस उरलं नव्हतं. ते सुंदर होतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याच क्षणी ते थंड आहे हेही तिच्या तळहाताला कळलं.

ईसीजीच्या चकत्या तेलावर चिकटेनात. तिनं स्पिरिटमध्ये कापूस भिजवला आणि छाती पुसायला घेतली. रंग बोटांवर यायला लागला. खाली त्याची स्वतःची कातडी उघडी पडत गेली, फिकी, काटा आलेली.

फेआओचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते.

“सिस्टर, पुसू नका,” तो म्हणाला. “माझा नंबर यायचाय अजून.”

तिचा हात थांबला. उत्तर दिलं असतं तर त्याला आवाज ओळखू आला असता. तिनं डॉक्टरकडं पाहिलं.

“पडून राहा,” ओफाच म्हणाली. “नंबर येईल.”

लेसिएली पुसत राहिली. छाती झाली, मग बरगड्या, मग कुशी. चकत्या लागल्या. यंत्रातून कागद सरकायला लागला आणि ओफा त्याच्यावर वाकली. नस सापडली, बाटली लागली, क्षार सुरू झाले. एवढ्यात फेआओचे डोळे उघडले. आधी ते छतावर होते, मग हळूहळू खाली आले आणि तिच्या चेहऱ्यावर थांबले. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. मग त्यानं ते पुन्हा मिटून घेतले आणि मान भिंतीकडं वळवली.

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली, कडा दोन्हीकडून खोचल्या आणि पडद्याबाहेर आली. शस्त्रक्रियेच्या खोलीतून एक पुरुष नर्स परत आला होता. पुढचं सगळं त्यानं केलं.

संध्याकाळपर्यंत ठोके जागेवर आले. रविवारी सकाळी, देवळाच्या घंटा थांबल्यावर, आई शहाळी घेऊन आली. लेसिएली पडद्याच्या अलीकडं कपाट लावत होती. आत जायचं तिला कारण नव्हतं.

आतून शहाळं फोडल्याचा आवाज आला. मग आईनं विचारलं, काल तुझ्याजवळ कोण होतं?

“डॉक्टर होती,” फेआओचा आवाज घोगरा होता. “आणि एक सिस्टर.”

“कोण सिस्टर?”

“ओळखीची नव्हती.”

लेसिएलीनं हातातल्या टॉवेलची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

आत बोलणं खाली आलं. तो काहीतरी सांगत होता, थांबत थांबत. बाबा हा शब्द दोनदा ऐकू आला. मग आई पडदा सारून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण चाल घरातल्यासारखी होती, निरोप घेऊन परसातून स्वयंपाकघरात यायची तशी.

“कालची ती सिस्टर तुला भेटेल का गं?” तिनं विचारलं.

“भेटेल बहुतेक.”

“तिला सांग, तो म्हणतो, बाबांचे पाय बांधताना दारातून बघायचा तो. आत यायचं धाडस नव्हतं. रात्री उठून स्वतःचे पाय चाचपायचा. म्हणून सुरू केलं. मग थांबता येईना.” आईनं बाहीनंच नाक पुसलं. “आणि विचार, पुन्हा कधी स्पर्धेला उभा राहिला तर चालेल का.”

लेसिएलीनं कपाटाचं दार लावलं. किल्ली फिरवली, ती फिरली की नाही ते ओढून पाहिलं.

“म्हणावं, राहा उभा,” ती म्हणाली. “पण पाणी तोडायचं नाही. आणि दुसऱ्याच्या गोळ्यांना हात लावायचा नाही.”

“एवढ्यात भेटलीससुद्धा तिला?” आई म्हणाली.

लेसिएलीनं मान वर केली नाही. आई क्षणभर तिच्याकडं पाहत राहिली आणि आत गेली.

“ती म्हणते, राहा उभा,” आतून आईचा आवाज आला, स्पष्ट, एकेक शब्द. “पाणी तोडायचं नाही. दुसऱ्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत.”

फेआओनं शहाळं खाली ठेवलं.

“आणि म्हणते, मेहनत दिसत होती. फार छान दिसत होतास.”

हे लेसिएलीनं सांगितलं नव्हतं. असं कुठली बहीण सांगेल? तिनं पडद्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं आणि थांबली. आत चादर सळसळली. कुणीतरी नाक ओढलं.

“तिला बरं म्हणून सांग,” फेआओ म्हणाला.