पाठ कुणी न पाहिलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे, काँक्रीटची, वीतभर जाडीची. मित्रांनो, मला तुमची दया नको. गुमान ऐका, तेवढं पुरे.

लोखंड घासायची दगडी चाकं बनवणाऱ्या एका कारखान्यात मला उभं केलं. सात दिवस पाणी पाजलं, आठव्या दिवशी विसरले. माझ्या छातीकडे चाचणीची खोली. तिथे प्रत्येक नवं चाक मुद्दाम जास्त वेगाने फिरवून पाहतात. कच्चं असेल ते फुटतं आणि तुकडा माझ्यावर बसतो. माझ्या पाठीशी बटणांचं टेबल आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत मालकांची थोरली सून बसायची. धाकटा मुलगा सुपरवायझर, म्हणजे तिचा दीर.

तुकडा बसला की माझ्या छातीवर वाटीएवढा खड्डा पडे. भाऊजी तो पुट्टीने बुजवत, वर रंग फासत आणि मला थोपटून म्हणत, "खमकी आहे." कौतुक काय ते एवढंच. मूर्ख माणूस.

मला हळूहळू दाबलंत तर तडा खडीला वळसा घालत वाट काढतो. झटक्यात मारलंत तर त्याला वळसा घ्यायला वेळच नसतो, खडीच दुभंगते, आणि ती फोडायला जास्त जोर लागतो. त्या क्षणी मी एरवीपेक्षा कणखर असते. पण हादरा माझ्या अंगातून धावत पाठीपर्यंत जातो. पुढे त्याला धरायला कोणी नाही, म्हणून उलटा फिरतो आणि मला ताणतो. दाब मी सोसते. ताण मला सोसत नाही. पाठ आतल्या आत सुटते, वर दिसते केसाएवढी रेघ.

ती रेघ वहिनींना दिसली.

"भाऊजी, इकडून लोखंडी पत्रा ठोकून घ्या. पान्याने वाजवलं तर पोकळ आवाज येतोय."

"वहिनी, चाक फुटतं तिकडे आणि तुम्ही भिंत बडवताय इकडे?"

"मार तिकडे बसतो. पडेल ती इकडे, माझ्या मानेवर."

"एवढी भीती वाटते तर घरी बसून स्वेटर विणा."

"विणते. आधी तुम्ही इथे बसून दाखवा."

बसले. मला पाठ टेकवून, पायावर पाय टाकून.

"उठा आता. मी बटण दाबणार नाही."

"बोट दुखतं का?" म्हणत त्यांनी स्वतःच दाबलं.

चाक गुणगुणलं, किंचाळलं, फुटलं. छातीवर नेहमीचाच वाटीएवढा खड्डा. तुकडा आरपार गेला नाही. पण पाठीचा परातीएवढा ढलपा सुटला आणि त्यांच्या खांद्यावर आदळला. हाड मोडलं.

मला वाईट वाटलं? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. पण ती खुर्ची वहिनींची होती, हे मात्र आठवलं.

वहिनींनी आधी मशीन बंद केलं, मग दिराचा खांदा धरला. ते कण्हत वळून माझ्या छातीकडे बघायला निघाले. "पुढून तर धड असेल की."

"गप्प बसा. हलू नका."

महिन्याभराने भाऊजी आले ते हात गळ्यात बांधून, पुट्टीचा डबा घेऊन, सरळ माझ्या छातीकडे. वहिनींनी डबा काढून घेतला. खुर्ची उचलली आणि दोन खोल्या पलीकडे नेऊन ठेवली. आता बटण तिथून, लांब वायरीवर चालतं.

मित्रांनो, मला रंगवू नका, थोपटू नका. माझ्या आडोशाला कोणी बसणार असेल, तर आधी त्या बाजूला या आणि त्याची मान जिथे टेकते तिथे डोळे लावून बघा. नाही आलात, तर मी कुणालाही वाचवणार नाही. सांगून ठेवते.