फुकटचा पाक

भांडण लागलं ते एका डब्यावरून. कुलूपवाल्याने आपला डबा हातभर सरकवून टेलरमामांच्या धारेखाली लावला होता आणि मामी त्याला भर गल्लीत फैलावर घेत होती. शेवटी मामांनी मशीन थांबवलं, बाहेर आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ दे. लाव बाबा तुझा डबा. उद्यापासून ही जागा तुझी."

गल्लीच्या टोकाला जाळीचं कुंपण होतं. पलीकडे गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याची टाकी उभी होती, तीन मजली उंच, साखरेच्या पाकाने भरलेली. पत्र्यांच्या जोडांतून तो पाक सतत झिरपायचा. मग काय, गल्लीत कोणी साखर विकत आणेना! जाळीखालून डबे आत सरकवायचे, कोणाचा डबा कुठल्या जोडाखाली हे ठरलेलं होतं आणि नवीन भाडेकरूला शेवटचा, कोरडा जोड मिळायचा. कारखान्याचे लोक अधूनमधून येऊन डागांवर रंग फासून जायचे. त्यांना वाटे, गल्लीला काही कळत नाही. गल्लीला वाटे, त्यांना कळू नये!

त्याच दिवशी सकाळी सरकारी तपासनीस आला होता. तो येतोय म्हणताच सगळे डबे घरांत गेले. मामांनी काठीला ओला फडका बांधून टाकीवरचे ओघळ पुसले आणि तपासनिसाने विचारलं तेव्हा चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं, "गळती? छे हो साहेब, टाकी ठणठणीत आहे." मामांचा शब्द म्हणजे गल्लीचा शब्द. तपासनीस निघून गेला.

हे सगळं खिडकीतून आक्काने पाहिलं होतं. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. जन्मभर इस्पितळात नर्स होती, आता गुडघे गेल्यामुळे खाटेवरून उठवत नव्हतं. जीभ मात्र शाबूत होती.

"पेशंटची जखम वाहायला लागली, तर आपण खाली वाटी धरतो का रे?" तिने विचारलं.

मामा हसले. टाकी कारखान्याची, फुटली तर नुकसान त्यांचं, आपल्या बापाचं काय जातंय, असं म्हणून त्यांनी विषय झटकला.

"टाकी त्यांची," आक्का म्हणाली, "पण तिच्या पायाशी झोपतं कोण? ते की आपण?"

मामांनी मशीन जोरात चालवलं. पण प्रश्न काही मशीनखाली दबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे एक कोट दुरुस्तीला आला. अंगाला घट्ट होता. पाठीची शिवण एका जागी ताणली जात होती, गिऱ्हाइकाने दुर्लक्ष केलं आणि खाली बसताच मानेपासून कमरेपर्यंत सगळी उसवली. मामा कोट हातात धरून बघत राहिले. मग उठले आणि जाळीपाशी गेले.

कुलूपवाल्याचा डबा भरून वाहत होता. काल जिथे थेंब पडत होते तिथे आज मनगटाएवढी धार होती. वर जोडाच्या रेषेत नवा रंग तडकत चालला होता आणि आतून पत्रा कण्हल्यासारखा आवाज येत होता.

मामा कारखान्याच्या फाटकाकडे धावले. पहारेकरी काही ऐकेना. कालच तपासणी झाली, गल्लीवाल्यांनीच सांगितलं गळत नाही म्हणून, असं तो म्हणाला.

"ते सांगणारा मीच होतो! खोटं बोललो मी. भोंगा वाजव आधी!"

पहारेकऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भोंगा दाबला.

मामा गल्लीत परतले तर काय दिसावं? मोठी धार लागल्याची बातमी पसरली होती आणि निम्मी गल्ली बादल्या घेऊन जाळीकडे निघाली होती! मामांनी आडवे येऊन लोकांना मागे ढकललं, घसा फाटेपर्यंत ओरडले. टाकी फुटतेय, भांडी टाका, माणसं घ्या आणि शाळेच्या पायऱ्या चढा. मामीला पुढे पिटाळून त्यांनी आक्काला पाठीवर घेतलं. आक्का त्यांच्या मानेला घट्ट धरून राहिली. पायऱ्या चढताना मागे कापड फाटावं तसा आवाज झाला, पण केवढा तरी मोठा. वळून पाहिलं तेव्हा दारांच्या उंचीचा तपकिरी लोंढा गल्लीत शिरला होता आणि मामांचं दुकान त्याने एका घासात गिळलं होतं.

सगळे वर पोहोचले होते. एक कुलूपवाला सोडून. तो भरलेला डबा आणायला मागे फिरला होता. संध्याकाळी सापडला.

पुढे चौकशी झाली. दुरुस्तीऐवजी रंग फासणाऱ्या कारखान्याच्या मालकांना शिक्षा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण सुनावणीत त्यांच्या वकिलाने विचारलं, गळती नाही असं रहिवासीच म्हणाले होते ना? मामा उभे राहिले.

"हो. मी म्हणालो होतो."

बाहेर कुलूपवाल्याची बायको उभी होती. मामांनी हात जोडले. ती शांतपणे म्हणाली, "मामा, त्या दिवशी भांडण मिटवायला तुम्ही त्याला जागा दिलीत. खूश होता हो तो."

मामांना शिव्या चालल्या असत्या. हे ऐकवलं नाही.

वाचकहो, चूक लपवणारा दोषी असतोच. पण त्या चुकीतून चार थेंब आपल्या डब्यात पडतात म्हणून जो मूग गिळून बसतो, त्याचाही हात त्या रंगाच्या ब्रशला लागलेला असतो. आपल्या गल्लीत काही गळत असेल तर खाली भांडं ठेवू नका, हाक मारा! मामा आता दुसऱ्या गल्लीत राहतात. तिथे कोणाच्या घरचा नळ जरी टपकला, तरी ते हातातली सुई खाली ठेवून आधी त्या घराचं दार ठोठावतात.