राहिलेला निरोप

ओल्या चादरीचं एक टोक किशोरीच्या हातात देऊन जानकी मागे सरली आणि पीळ घालू लागली. पाणी वाळूत गळत राहिलं. देवबागच्या तिच्या घरी दुपारी पर्यटक राहायला यायचे होते. नवऱ्याचं दिवसकार्य आटोपल्यावर तिने पहिला हात घातला तो या चादरींना.

किशोरी मालवणहून माफी मागायला आली होती. शाळेत संगीत शिकवणारी ही बाई. हौशी माणसं जमवून तिने रेकॉर्डरचा वृंद उभा केला होता. रेकॉर्डर म्हणजे उभी धरून फुंकायची लाकडी बासरी. त्यातली सगळ्यात मोठी, खर्जाची, जानकीकडे असे. नवरा, परशुराम, तिला स्कूटरवरून सरावाला सोडी आणि संपेपर्यंत बाहेर पारावर बसून राही. वृंदाला पोर्तुगालचं बोलावणं आलं, तेव्हा जानकीच्या पासपोर्टसाठी तोच धावला होता.

तिथल्या शेवटच्या कार्यक्रमाआधी जानकीच्या मुलाचा, सर्वेशचा, किशोरीला फोन आला. बाबा गेले. परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं.

“आईक सांगा नको. एवढ्या लांब ती काय करतली?”

किशोरीने सांगितलं नाही. चर्चमध्ये वाजवून झालं, टाळ्या झाल्या, विमानात जानकी शेजारी बसून आली, तरीही नाही. मोपाच्या विमानतळावर डोकं भादरलेला सर्वेश समोर आला, तेव्हा सांगायचं काही उरलंच नाही.

“जानकीताई, माझं चुकलं.” माफी मागताना किशोरीची भाषा आपोआप शाळेतली झाली. “मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“माका म्हायत होता, बाई.”

किशोरीच्या हातातलं टोक सुटलं.

“वाडीच्या ग्रुपार हेंचो फोटो इलो. हार घातलेलो. तुमी भायर फोनवर होतात, तेवाच.”

“आणि तरी तुम्ही वाजवलंत?”

“तुमी सांगशात म्हणान मी तुमच्याकडेच बघित होतंय. फोटो काय, कोणी चुकानपण टाकता. तुमी सांगीपर्यंत माका ता खरा धरूचा नव्हता. मगे तुमी हात वर केल्यात. मगे मी वाजवलंय.”

किशोरीला ती नजर आठवली. परक्या जागेची धास्ती असेल असं समजून ती जानकीकडे पाहून हसली होती.

जानकीने वाळूत पडलेली चादर उचलली. झटकली नाही, तशीच छातीशी धरली.

“विमानातपण वाट बघलंय. घराकडे इल्यावर सगळे रडत होते, पण नेमका काय झाला, ता माका अजून कोणी सांगूक नाय. प्रत्येकाक वाटता, दुसऱ्यान सांगितला आसतला. आता तुमी सांगा.”

“आता?”

“सर्वेशान तुमका सांगितला, तसा.”

किशोरीने ओले हात ओढणीला पुसले. ती बोलली ती घरच्या बोलीत.

“जानकी, सर्वेशाचो फोन इलो. सकाळी होडी ढकलताना परशुरामांच्या छातीत कळ इली. थंयच बसले ते. पाणी मागल्यानी. गेले ते, गो.”

चादरीत तोंड खुपसून जानकी वाळूत बसली. चादरीतूनच तिचा आवाज आला.

“पाणी गावला तेंका?”

ते सर्वेश बोलला नव्हता. किशोरी तिच्याजवळ खाली बसली.