आभाराचे चार शब्द

मोठ्या बाई आणि जमलेली सर्व मंडळी,

त्या दिवशी हातातली कामं टाकून तुम्ही आमच्या सासूबाईंना शोधायला धावलात, त्याबद्दल मी तुमची सर्वांची

आभारी. एवढा एकच शब्द राहिला आणि तोच तोंडातून निघत नाही. मशीन थांबवते. पाणी पिते. पुन्हा.

*

मोठ्या बाई आणि मंडळी,

आम्ही इथे नवीन. नवरा तुमच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर बदलून आला. मी कपडे शिवते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कमरेचा घेर मला पाठ आहे. (इथे हसतील. ही माणसं कशालाही हसतात.)

बदली नाकारता आली असती. पण नवराच म्हणाला, "घेऊ या. शहरात आई जिना उतरली की संपलं, समोरच्या दारातला माणूससुद्धा तिला ओळखणार नाही. छोट्या जागी सगळे सगळ्यांना ओळखतात. कुठे भरकटली, तर कोणीतरी हाताला धरून घरी आणेल."

सासूबाईंनी जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. आता बाकी सगळं पुसलं गेलंय, नोकरी तेवढी शाबूत आहे. दिसेल त्याला सांगतात, "पुढे सरका, आत जागा आहे." आणि दार उघडं दिसलं की निघतात, कारण गाडी सुटायची वेळ झालेली असते. थंडी, पाऊस, पायात चप्पल आहे की नाही, काही बघत नाहीत.

तर त्यांच्यासाठी आम्ही तुमच्यात आलो. आणि तुम्ही खरोखर

इथे काहीतरी गोड यायला हवं. शाळेच्या पडद्याला टीप मारतेय, जाड कापड आहे, आणि बोट सुईखाली जाता जाता वाचलं. गोड नंतर शोधू.

*

भाषणाची टूम मोठ्या बाईंची. त्या इथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे, त्यामुळे त्या बोलल्या की म्हातारेसुद्धा सरळ बसतात. परवा त्या पहिल्यांदाच आमच्या पुढच्या दाराने आल्या.

"रविवारी सभागृहात या सगळी. आभाराचे चार शब्द बोला, नवीन वहिनी. लोक जिवाच्या आकांताने धावले हो. बेकरीवाल्याची अख्खी भट्टी करपली."

"मी एकेकाला भेटून सांगते ना."

"एकेकाला कशाला? आपल्याकडे जे काही होतं ते सगळ्यांसमोर होतं."

"सगळंच?"

"सगळंच," म्हणाल्या. अभिमानाने. ते मी गाठीला बांधून ठेवलं.

*

मंडळी,

ज्या घरात आम्ही भाड्याने राहतो त्याला तुम्ही अजून सुईणीचं घर म्हणता. अर्धी वस्ती याच घरात पहिल्यांदा रडली, हे मला प्रत्येकाने स्वतंत्रपणे सांगितलंय. सुईणीचं दार कधी बंद नसायचं. पुढच्या फाटकातून शिरायचं, अंगण ओलांडायचं, अंगणाच्या मागच्या दाराने गल्लीत उतरायचं. कालव्याकडे, बसथांब्याकडे, कुठेही जायचं तर हीच वाट. सुईण गेली, वाट राहिली.

आमची काही हरकत नव्हती. खरंच नव्हती. मी तोंडात टाचण्या धरून बसलेली असायचे आणि खिडकीतून कोणीतरी "बाही जरा सैल गेलीय हो" असं सांगून पुढे जायचं. पोस्टमन आमच्या रांजणातलं पाणी पिऊन जायचा. दूधवाल्याच्या दोन्ही हातांत कॅन, म्हणून तो दार पायाने ढकलायचा. आणि सासूबाई! अंगणातल्या खुर्चीत बसून प्रत्येकाला आत सरकवायच्या. इतकी गर्दीची फेरी त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. लेकीला तर हे घर फारच आवडलं. ती पण कोणाच्याही अंगणातून धावायला लागली.

मग एकदा सासूबाई पोस्टमनच्या मागोमाग निघून गेल्या. त्यानेच परत आणलं, हसत. मी नाही हसले. मी मागच्या दाराला आतून कडी घातली.

तुम्ही वरून हात घालून कडी काढलीत.

मी कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सुतारदादा कोयंडाच उपटून घेऊन गेले. "सैल झाला होता वहिनी, नीट करून आणतो." अजून आणतायत.

मी त्या दाराला घंटी टांगली. पितळेची, छोटी. म्हटलं, जा बाबांनो, पण कोणी आलं-गेलं तर मला कळू दे, म्हणजे उठून दार लावता येईल. घंटी वाजली की मी मशीनवरून मान वर करायचे. बस, एवढंच. मान वर करायचे.

त्यावरही नाराजी. नळावर बायका म्हणाल्या, "नव्या वहिनी बघतात बाई! जशी काही आम्ही भांडी उचलून नेणार!"

(हे भाषणात नको. पण हे वगळलं तर राहतं काय?)

*

तो दिवस.

दुपार होती. हेच पडदे शिवत होते, मोठे, मशीन धडधडत होतं. कान घंटीवर होता. घंटी वाजली नाही. दोरा संपला म्हणून मान वर केली, तर खुर्ची रिकामी आणि मागचं दार सताड उघडं.

तुम्ही आलात, हे खरं. माझी हाक ऐकली तसे सगळे आलात. कोणी पिठाच्या हातांनी, कोणी अर्धी दाढी केलेलं. गल्ल्या वाटून घेतल्यात, मला एक शब्द बोलावा लागला नाही. नवऱ्याने पंप बंद केला. पंप कालव्यातून पाणी ओढतो. तो का बंद केला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सासूबाई कालव्याच्या पायऱ्यांवर सापडल्या. कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. एक हात वर केलेला, बसमधल्या दांडीला धरावं तसा. सुतारदादांना म्हणाल्या, "गाडी बंद पडलीय, उतरून घ्या." आणखी एक पायरी खाली गेल्या असत्या, तर त्यांना कोणी उतरवलं नसतं.

त्यांना उचलून आणताना तुमची मिरवणूक निघाली. सगळे आनंदात. आमच्या ओट्यावर उभं राहून कोणीतरी म्हणालं, "बघा! शहरात झालं असतं का असं?"

नसतं झालं. शहरात आमचं दार बंद असायचं.

संध्याकाळी मी ते दार लावायला गेले. दार हललं, घंटीही हलली, आवाज नाही. आत बोट घातलं. आतून चिंधी निघाली. निळी, माझ्याच टोपलीतली, खिडकीखाली मी कातरण टाकते ना, त्यातली. चांगली घट्ट कोंबलेली.

*

"अगं, मुद्दाम थोडंच कोणी..." नवरा म्हणाला.

"मग चिंधी काय स्वतःच्या पायाने चालत जाऊन घंटीत बसली?"

"तुला त्रास नको, म्हणून केलं असेल."

"माझ्या कामात खंड नको म्हणून! किती काळजी! आणि आईंच्या छातीत ती घरघर चाललीय ती?"

"हळू बोल, खिडकी उघडी आहे." मग तो खरंच हळू बोलला, "आपल्याला इथे राहायचंय."

"आईंना पण राहायचंय. जिवंत."

तो आतापर्यंत प्रत्येकाचे आभार मानून आलाय. बेकरीत, पोस्टात, सलूनमध्ये. त्याच्या पाठीचा कणा मी मापात कधी घेतला नव्हता, आता घेतला असता तर कपडा बराच उरला असता.

हे वाईट बोलले मी. पण बोलले.

*

मंडळी, धन्यवाद.

(एवढंच बोलावं का? बोलून खाली बसावं?)

*

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत नवरा, लेक, मध्ये शालीत गुंडाळलेल्या सासूबाई. मागे वळून सांगत होत्या, "दारात उभे राहू नका, पुढे सरका." लोक कौतुकाने हसत होते. हरवून सापडलेली आजी आता सगळ्यांची झाली होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आता आपल्या नवीन वहिनी आभाराचे चार शब्द बोलतील."

मी उठले. पिशवीतून घंटी काढली आणि हलवली. आवाज नाही. लोकांना वाटलं, शहरातली काहीतरी गंमत असेल. मग मी चिंधी ओढून काढली आणि पुन्हा हलवली. केवढीशी घंटी, पण खणखणली.

"ही कोणी कोंबली?"

खोकलेसुद्धा थांबले. फक्त सासूबाईंचा चालू राहिला.

"शोधायला कोण कोण होतं, विचारलं तर सगळे हात वर करतील. मी विचारतेय, दार उघडं टाकून कोण गेलं?"

बेकरीवाला भिंतीकडे बघायला लागला. सुतारदादांनी जोड्याची नाडी सोडून पुन्हा बांधली. शेवटी मोठ्या बाई उभ्या राहिल्या. आवाज शांत, जसा बेरीज चुकलेल्या पोरासाठी असतो.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही कडी घालायच्या आधी त्या वाटेने दिवसभर माणूस असायचं. आजी निघाल्या असत्या, तर कालव्यापर्यंत पोचल्याच नसत्या. वाटेत कोणी ना कोणी हात धरला असता. पोस्टमनने धरला होता ना? मग तुम्ही कुलूप आणलंत, घंटी आणलीत, वर बघायला लागलात. माणसं लाजली. बरीचशी लांबच्या रस्त्याने जायला लागली. त्या दुपारी वाट ओस पडली होती, म्हणून आजी पाण्यापर्यंत गेल्या. आता सांगा, वाट कोणी रिकामी केली?"

टाळ्या वाजल्या नाहीत, एवढंच.

 बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पूर्ण खोटं असतं तर मी तिथल्या तिथे टराटरा फाडलं असतं. त्यात अर्धं कापड खऱ्याचं होतं, आणि त्या अर्ध्यावर उभं राहून ही सगळी माणसं घंटी कोंबणाऱ्याला पोटाशी घेऊन बसली होती.

"बरं," मी म्हणाले. "शोधताना सगळे असता. मग हरवतानाही सगळे असा."

आणि खाली न बसता बाहेर पडले. पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या."

*

घरी येऊन नवऱ्याचे पंपाचे पाने काढले. मागच्या दाराच्या बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. पान्याला लोंबकळून एकेक बोल्ट सोडवला. नवरा मागोमाग पोचला. दारात उभा राहिला, बघितलं, आणि मला वाटलं आता समजावणार. त्याने खालची बिजागरी धरली.

"वाकडा लावलायस पाना," म्हणाला. "आण इकडे."

दोघांनी मिळून दार उचललं. लेक पुढे, वाट मोकळी करत. मोठ्या बाईंच्या ओट्यावर नेऊन ते भिंतीला टेकवलं. बाई नुकत्याच परतल्या होत्या, पायातली चप्पल अजून काढली नव्हती.

"हे काय?"

"तुमचं दार," मी म्हणाले. "तुम्हाला उघडं हवं होतं ना? आता ते कधीच लागणार नाही. वाट तुमची, आणि वाटेवर बसलेली म्हातारी पण तुमची. ती निघाली तर हात धरायला माणूस पाहिजे. रोज. थंडीत, पावसात. धरला नाही आणि ती पाण्याशी गेली, तर मी कोणा एकाला विचारणार नाही. तुम्हाला विचारेन. सगळ्यांसमोर."

बाईंना एवढ्या वर्षांत कोणी गृहपाठ दिला नसावा.

"आणि आभार?" त्या म्हणाल्या. खरंच म्हणाल्या.

"ते शिलाईत धरलेत."

*

सकाळी मी मशीन अंगणात, वाटेच्या कडेला मांडलं. पलीकडे सासूबाईंची खुर्ची. मधून एका माणसापुरती जागा. दोघींना ओलांडल्याशिवाय कोणी जाऊ शकणार नाही.

पहिला आला दूधवाला. थबकला. दार होतं तिथे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान वर केली होती. चांगली, ताठ.

त्याने दोन्ही कॅन खाली ठेवले.

"वहिनी," म्हणाला, "ती घंटी वाजली की तुम्ही बघायचात. रोज बघायचात. मला ते... म्हणून कॅन ठेवून चिंधी घातली. आणि त्या दिवशी हात भरलेले होते, दार मागे ओढायचं..."

"काल कुठे होतात?"

"सभागृहात. मागच्या रांगेत."

"मग काल मूग गिळून बसलात ना? आता ते पचवा. माझ्या अंगणात आणून ओकू नका."

"वहिनी, मला फक्त..."

"मला नाही. त्यांना सांगा."

तो सासूबाईंकडे वळला. खुर्चीसमोर उकिडवा बसला, आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. घंटी, चिंधी, दार. सांगताना त्याचं नाक वाहायला लागलं. सासूबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. मध्ये खोकला आला, तो थांबेपर्यंत त्याने त्यांचा हात धरून ठेवला.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं, आजी."

"मग पुढे सरका. मागे माणसं उभी आहेत."

मागे खरंच उभी होती. पोस्टमन, पिठाच्या हातांचा बेकरीवाला, आणि त्याच्यामागे, छत्रीवर रेलून, मोठ्या बाई. 

मी दोरा दातांनी तोडला, मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं. पाय इतक्या जोरात चालत होता की टीप वाकडी गेली. नंतर सगळी उसवावी लागली.