उलटी वीण

या वसंतात मेंदेरेस नदीने सेहेरला बाबांकडून मिळालेल्या अंजिरांची अख्खी ओळ गिळली. उरली सहा झाडं. समोरच्या काठावर इहसानचं कपाशीचं रान मात्र चाळीस पावलं पुढे सरकलेलं.

"नदी एकाच घरावर कशी रुसते हो?" तिने सासूला विचारलं.

"वाकडं चालायची खोडच तिची. गुरुजी सांगत होते, फार जुन्या काळी ग्रीक लोकांनी नागमोडी वाटेला हिचंच नाव दिलं. आता जगात कुठेही नदी वळली की तिचं वळण आपल्याच नदीच्या नावानं ओळखतात."

"आणि तिला कुणी वळवलं असेल तर?"

तेवढ्यात समोरून इहसानची हाक आली, "काय पोरी, रोज काठ मोजतेस? वाढला का?" आणि वर हसला मेला! सेहेरच्या मनात पाल चुकचुकली.

बाळाची टोपली अंजिराखाली ठेवून ती ढासळलेल्या काठाखाली उतरली. चिखलात वाळुंजाच्या फोकांची विणलेली ताटी रोवलेली होती. प्रवाह हवा तिकडे वळवायला अशा ताट्या रोवतात, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. आता सापडलास, इहसान! तिने हातभर तुकडा मोडून घेतला आणि गावप्रमुख मुख्तारांना निरोप धाडला: चहाला या, इहसानलाही आणा.

दुपारी दोघं ओट्यावर बसले.

"दाखव पुरावा," मुख्तार म्हणाले. "खरा निघाला तर इहसानचा कापूस उपटायला लावतो."

तुकडा टोपलीमागे होता. तो उचलायला ती वाकली. बाळ तोंडात मूठ घालून झोपलेलं. तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि तिचा हात टोपलीच्या काठावरच थांबला. डावीकडे वळलेली, उलटी वीण. डावखुऱ्या बाबांनी तिच्या जन्माआधी विणलेली टोपली. तुकड्यावरही तीच वीण. तुकड्याचं लाकूड किती जुनं, काळं पडलंय, हे तिला आत्ता दिसलं.

तुकडा चुलीत सारता आला असता. कुणाला कळलंही नसतं.

"ही ताटी माझ्या बाबांनी रोवली होती, दादा," ती इहसानकडे न बघता म्हणाली.

"ठाऊक आहे," इहसान म्हणाला. "तेव्हा माझं निम्मं रान गेलं. पण मी मुख्तारांना चहाला बोलावलं नव्हतं."

सेहेरने पहिला पेला त्याच्यापुढे ठेवला.