शेवटच्या कवाडावरची म्हातारी

सून तीन महिने अंथरुणाला खिळलेली आणि लेक तिच्या उशाशी कॉम्प्युटरवर खेळ मांडून बसलेला. बघणाऱ्याने हसावं की रडावं? भागीरथीने दोन्ही करून पाहिलं होतं. आता तिला एवढंच कळत होतं, की उद्या सकाळी दहा वाजता छगन कंपाउंडर येईल, यशोधराच्या नाकातली नळी काढेल आणि नवी घालणार नाही. त्या नळीवाटेच पेज जायची, दूध जायचं, औषध जायचं. ती एकदा निघाली की पुढे चार-पाच दिवसांचा प्रश्न होता.

हे ठरवलं कुणी, तर भागीरथीनेच. असलं तोंडाने बोलून दाखवायची छाती घरात दुसऱ्या कुणाची होती? नगरच्या डॉक्टरांनी जुलैतच सांगितलं होतं, मेंदूत रक्तस्राव झालाय, श्वास चालेल, डोळे उघडे राहतील, पण आत समज म्हणून काही उरलेली नाही. पुढे छाती कफाने भरायला लागली तेव्हा ते म्हणाले, पुण्याला नेऊन गळ्याला भोक पाडून घेता येईल, पण त्याचा उपयोग काय? त्या आठवड्यात यशोधराचा थोरला भाऊ प्रशांत पाथर्डीहून येऊन गेला. तो आणि भागीरथी पलंगाच्या दोन बाजूंना बसून बोलले. "मावशी, सुटू द्या तिला आता," एवढं म्हणून त्याने मान खाली घातली. भागीरथी म्हणाली, "तिलाबी सुटू दे आन माज्या लेकालाबी. पस्तिशी न्हाई उलाटली त्याची. त्याचं दुसरं कायतरी बगाया पायजे." हे बोलता बोलता ती सुनेच्या अंगावरची चादर नीट करत होती.

प्रवीणने हातापाया पडून आठ दिवस मागून घेतले. आज आठवा दिवस होता.

भागीरथीला कुणी कजाग सासू म्हणू नये. नेवाशाजवळचं आपलं घर बंद करून ती संगमनेरला येऊन राहिली होती. सुनेचं अंग पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, सगळं तीच करायची. तोंड मात्र तिखट. आणि तीन महिन्यांत एवढं दुखणं निस्तरल्यावर ते आणखी तिखट झालं होतं, त्याला तिचा इलाज नव्हता.

आता या खेळाचं सांगायचं. प्रवीण आणि यशोधरा संगमनेरच्या स्टँडमागे कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. तो चित्रं काढायचा, लग्नपत्रिका सजवायचा. प्रोग्रॅम लिहायचं काम तिचं. त्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे प्रवीण चारचौघांत मोठ्या कौतुकाने सांगायचा. क्लास सुटल्यावर बसून दोघांनी दोन वर्षांत एक खेळ रचला, सात कवाडांचा डोंगर. गुंजा नावाची कासारीण बांगड्यांची दुरडी घेऊन राक्षसांच्या डोंगरात शिरते. पडद्यावर बाण फिरवायचा. वस्तूवर टिचकी दिली की गुंजा ती उचलते, माणसावर दिली की ते माणूस बोलतं, आणि दर कवाडाशी एक कोडं. कुठे घोरणाऱ्या राक्षसाला शिंक आणायची, कुठे मुक्या नदीला गाणं शिकवायचं. क्लासला आलेल्या नव्या पोरांना माऊस धरता येत नसे. एक जण तर तो उचलून काचेलाच लावायचा. म्हणून यशोधराने एक सोय करून ठेवली होती. बाण आपला आपण एका वस्तूवरून दुसरीवर जायचा, प्रत्येक ठिकाणी पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचा, आणि शिकणाऱ्याने फक्त बटण दाबायचं.

सातवं कवाड तिने जुलैच्या सुरुवातीला पुरं केलं. चित्र प्रवीणचंच होतं. दारात बसलेली एक म्हातारी, बाजूला माठ, बाभळ, एक सपाट दगड. म्हातारी येईल त्याला एकच वाक्य म्हणायची, "आलीस व्हय गं?" आणि दार काही उघडायची नाही. ते कसं उघडायचं हे यशोधराने नवऱ्यालाही सांगितलं नाही. "आधी तू सोडव, मग पोरांना देऊ," असं म्हणून हसली. त्यानंतर पाचव्या दिवशी ती मोरीत कोसळली.

तीन महिन्यांत तिच्या अंगात हललं ते एवढंच, उजव्या हाताचं एक बोट. तेही पंधरा दिवसांपूर्वी. डॉक्टर म्हणाले, तो नुसता झटका असतो, त्यावर आशा धरू नका. प्रवीणने तरी प्रशांतला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर विचारलं, "यशू, ऐकू येत असंल तर बोट हलव." बोट हललं. पण न विचारताही हललं, आणि मग दहादा विचारूनही हललं नाही. प्रशांत रडत उठला आणि म्हणाला, "भावजी, पुरे करा हो."

दुसऱ्या दिवशी प्रवीणने क्लासमधला कॉम्प्युटर टेम्पोत घालून घरी आणला. पलंगाला टेबल लावलं, आपला आपण फिरणाऱ्या बाणाची ती सोय चालू केली, माऊस यशोधराच्या बोटाखाली सरकवला आणि तिची मान उशीने टेकवून तोंड पडद्याकडे केलं. आठ दिवसांत तिने सहा कवाडं उघडली. प्रवीण नाचायचाच बाकी होता. पण आईसमोर त्याची मात्रा चालेना. "ती सा कवाडं तुला तोंडपाठ हायती," भागीरथी म्हणाली. "तू तिच्या हाताशी बसतो. तूच दाबत असशील, तुजं तुलाबी कळत नसंल." ते खोटंही नव्हतं. प्रवीणची झोप उडालेली, डोळे तांबडे, दाढी वाढलेली. माणूस आशेपायी स्वतःलाही फसवतं.

त्या दुपारी साडेतीनच्या सुमारास त्याने आईला हाताला धरून पलंगाशी बसवलं.

"आई, हे शेवटचं कवाड. ह्याचं उत्तर मला न्हाई येत. तीन महिने डोकं फोडलं मी. माठातलं पाणी दिलं, बांगड्या दिल्या, सोनं दिलं, बाभळीच्या शेंगा दिल्या. ती म्हातारी मानच हलवती. ह्याचं उत्तर जगात एकाच माणसाला ठाऊक हाय, आन ते माणूस हितं पडलंय. कळतंय का तुला? आज हिनं कवाड उघडलं, तर ते हिच्याच डोक्यातनं आलं असं हुईल. दुसरीकडनं यायला जागाच न्हाई."

"बरं," भागीरथी म्हणाली.

"मी बाहेर ओट्यावर उभा ऱ्हातो. हातबी लावत न्हाई. तू फक्त बघ."

"बगते की."

तो बाहेर गेला. जाताना दार लोटून घेतलं आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला, ते तिला खिडकीतून दिसलं. उद्या या पोराचं काय होणार, हीच तिची खरी काळजी होती.

पडद्यावर बाण फिरायला लागला. सोन्यावर थांबला, पुढे गेला. माठावर थांबला, पुढे गेला. बांगड्या, शेंगा, म्हातारी. यशोधराचं बोट हललं नाही. भागीरथीने जांभई दाबली. बाण सपाट दगडावर आला तसा टिक असा आवाज झाला. पडद्यावरच्या कासारणीने दुरडी खाली ठेवली, पदर सावरला आणि ती म्हातारीशेजारच्या दगडावर बसली. म्हातारी म्हणाली, "आता कशी मानसात आलीस. बस, बोलू." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने कवाड उघडलं.

"झालं रं," भागीरथीने हाक दिली. "ती बाई बसली आन म्हातारीनं कवाड उघाडलं."

प्रवीण आत आला. पडद्याकडे बघितलं. तो पलंगाची कड धरून खाली बसला आणि बायकोचा हात गालाला लावून हुंदके द्यायला लागला. "बसायचं हुतं! यशू, नुसतं बसायचं हुतं. मी आपला उभ्या उभ्या देत सुटलो. दगड कोण कुणाला देतंय म्हणून त्याला हातच लावला न्हाई."

"मग? दारात आलेलं मानूस बसल्याबिगर कोन बोलतं त्याच्याशी?" भागीरथी म्हणाली. तिला त्यात कोडं असं काही दिसलंच नाही.

"आई, पटलं ना आता? छगनला नको सांगू. मी आत्ता जातो, पुण्याच्या गाडीचं बघतो."

खोटं बोलायचं भागीरथीच्या जिवावर आलं होतं, पण खरं बोलणंही सोपं नव्हतं.

"प्रवीण, रागावू नगं बाबा. त्यो बान आपल्या आपन फिरत हुता. म्या बगितलं. कुनी हात लावला न्हाई तरी फिरत हुता. मग ती बाईबी आपल्या आपन बसली आसंल. टीव्हीतल्या बाया न्हाईत का उटत-बसत? त्यांना काय आपुन उटवतो?"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा कुणी पालथा ठेवला? बाण फिरतो तो प्रोग्रॅमने, गुंजा बसते ती टिचकीने, हे प्रवीणला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं, आणि ज्या एका माणसाला पटवायचं त्याला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. आठ दिवस राबून त्याने असा पुरावा उभा केला होता, जो फक्त त्यालाच दिसत होता.

"परत दाखवतो," तो म्हणाला. "तूच सांग कशावर दाबायचं. तू म्हणशील त्याच्यावर ती दाबंल." घाईत तो कळफलकावर भलतीच बटणं दाबत होता. आणि तेवढ्यात लाईट गेली.

संगमनेरात दुपारची लाईट जाणं म्हणजे रोजचंच मरण. कॉम्प्युटरची बॅटरी केव्हाच बसलेली होती. पडदा काळा झाला, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. प्रवीणने एक बुक्की टेबलावर मारली आणि तो भिंतीला पाठ लावून बसला. "आता सहापर्यंत यायची न्हाई. तवर हिचं बोट दमंल. काल असंच झालं. आई, मी आता काय दाखवू तुला? काय दाखवू सांग." तो ओरडला नाही. ओरडायचीसुद्धा ताकद त्याच्यात नव्हती.

भागीरथी उठली. कूस बदलायची वेळ झाली होती. ती वाकली आणि तशीच थांबली.

टिक.

खोलीत दुसरा आवाजच नव्हता. तिने काळ्या पडद्याकडे बघितलं, मग माऊसकडे.

टिक.

"ह्ये कोन वाजवतंय?" तिने विचारलं. "यंत्र तर बंद पडलंय."

प्रवीण उठायला लागला. तिने हातानेच त्याला खाली बसवलं. "तू हितं येऊ नगं. लांब ऱ्हा." मग ती सुनेच्या तोंडाजवळ वाकली. यशोधराचे डोळे नेहमीसारखेच उघडे होते. भागीरथी खेड्यातली, पण कच्च्या गुरूची चेली नव्हती. खऱ्या-खोट्याची पारख करायची तिची रीत तिच्याजवळ होती.

"यशोदरा, मी इचारते. व्हय आसंल तर येकदा वाजीव. न्हाई आसंल तर दोनदा. तुजं म्हायार राहुरीचं."

बराच वेळ गेला. मग टिक, टिक.

"पाथर्डीचं."

टिक.

"तुला कारल्याची भाजी लई आवडती."

टिक, टिक. या वेळी उत्तराला वेळ लागलाच नाही.

भागीरथी खाली बसली. प्रवीण भिंतीपाशी तोंडावर हात घेऊन रडत होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती न विचारता उठून जाता आलं असतं तर ती गेली असती.

"आमी बोललो ते... मी आन प्रशांत. हितं बसून. प्रवीणच्या दुसऱ्या लग्नाचं. समदं ऐकलंस?"

टिक.

भागीरथीने तोंडात पदर कोंबला. तीन महिने या पलंगाशी ती काय काय बोलली होती. कूस बदलताना, पाठ पुसताना, शेजारणीशी, स्वतःशी. मेली कशी सुटत न्हाई, असंही एकदा बोलली होती. कुणी ऐकत नाही म्हणून माणूस बोलतं. हिला कानावर हात ठेवता येत नव्हता, कूस बदलून पाठ करता येत नव्हती. भागीरथीला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने सुनेचं मनगट हातात घेतलं. "मला माफ कर म्हनायला माजं तोंड न्हाई, पोरी. येवढंच सांग. उद्याला छगन येनार, ती नळी काडू..."

टिक, टिक.

"मंग काडायची का ऱ्हाऊ द्यायची? काडायची?"

टिक, टिक.

"न्हाई काडत गं. कुनी हात लावनार न्हाई तुला. पुन्याला नेऊ. प्रवीण, ऊट, गाडी बग."

प्रवीण धडपडत उठला आणि चप्पल न घालताच बाहेर धावला. भागीरथी सुनेच्या केसांवरून हात फिरवत राहिली, न्हाई काडत, न्हाई काडत, असं म्हणत राहिली. पण यशोधराला त्याचा भरवसा वाटला नाही. तिचं बोट थांबेना. टिक, टिक. टिक, टिक. गाडी दारात येईपर्यंत ती तेच सांगत होती.